रक्ताचे नमुने घेण्याआधी : ठाणे-नवी मुंबईत पाड्यावर, भट्टीवर, नाक्यावर काम करणाऱ्या संशोधकांसाठी

दिवाळी उलटली की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची कातकरी कुटुंबं बिऱ्हाड बांधून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. एम.डी.च्या थिसिससाठी नमुने गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याला हा हंगाम फार सोयीचा वाटतो. माणसं एका जागी, गाडी थेट भट्टीपर्यंत, मालकाला एक फोन केला की सगळे रांगेत. माणसांवरच्या संशोधनाचे प्रस्ताव तपासणाऱ्या एका नैतिकता समितीवर मी सामान्य नागरिक म्हणून बसते. डॉक्टर नाही, वकीलही नाही. अशा माणसाची जागा समितीत नियमानेच असते. आमच्यापुढे येणाऱ्या प्रस्तावांत ही सोय 'अभ्यासगटाची सुलभ उपलब्धता' अशा भारदस्त शब्दांत लिहिलेली असते. ते वाचलं की मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढते. जिथे नमुने झटपट मिळतात, तिथे लोकांना नाही म्हणायची सोय बहुधा नसते. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी शेवटचं पान लिहा

प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा नमुनासंख्येचं सूत्र बाजूला ठेवा आणि एकच पान लिहा : रक्ताचा अहवाल कुणाच्या हातात, कुठे, कोणत्या भाषेत आणि किती दिवसांत पडणार?

भट्टीचंच उदाहरण घ्या. एप्रिलच्या शेवटी रक्त घेतलं, प्रयोगशाळेतून निकाल यायला दीड-दोन महिने लागले. तोवर भट्टी बंद, माणसं पाड्यावर, पाऊस सुरू. तुमच्या वहीत पत्ता 'अमुक भट्टी, भिवंडी' आणि मोबाइल नंबर मुकादमाचा. म्हणजे अहवाल एक तर पोचणार नाही किंवा मुकादमाच्या हाती पडेल. दुसरी शक्यता पहिलीपेक्षा वाईट.

म्हणून नोंदवहीत दोन पत्ते घ्या : आत्ताचा मुक्काम आणि मूळ गाव. मूळ गावात नुसतं गाव पुरत नाही. पाडा, तालुका, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथली आशाताई कोण, हे हवं. फोन नंबर कुणाचा आहे तेही लिहा आणि त्या नंबरवर निरोप ठेवलेला चालेल का, हे त्या माणसालाच विचारा. हंगाम संपायच्या किमान दोन महिने आधी शेवटचा नमुना घेऊन मोकळे व्हा. ते जमत नसेल तर पावसात पाड्यावर जायचा खर्च आणि माणूस अर्थसंकल्पात दाखवा.

त्याच पानावर तातडीच्या निकालांचं लिहा. हिमोग्लोबिन ७च्या खाली आलं तर त्याच संध्याकाळी फोन कोण करणार? त्या बाईला दवाखान्यात कोण नेणार? 'पुढील उपचारांसाठी संदर्भित' असं लिहायला अर्धी ओळ पुरते. भट्टीवरून ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयात किंवा कळव्याच्या महापालिका रुग्णालयात जायचं तर तिचा दिवस बुडतो, रिक्षाचे पैसे जातात, सोबत कुणीतरी लागतं आणि लेकरू कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न वेगळाच. हे भाडं तुमच्या प्रकल्पाने द्यायचं आहे. आणि ज्या दोषावर या माणसाला आवाक्यातला उपचार मिळवून देता येणार नाही, त्याची तपासणी का करायची, याचं उत्तर त्या पानावर नसेल तर ती तपासणी यादीतून काढा.

हाच समाज का?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आदिवासींबद्दल स्पष्ट आहेत. संशोधन त्या समाजाच्या निदानाला, उपचाराला किंवा प्रतिबंधाला उपयोगी असेल आणि त्याचा लाभ त्यांना मिळणार असेल, तरच करावं. कातकरी हे महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम गटांपैकी एक. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. अशा गटांतली मुलं, गरोदर स्त्रिया आणि वृद्ध यांना शक्यतो अभ्यासात घेऊ नये, असंही ही तत्त्वं सांगतात. कित्येक प्रस्तावांत 'वयोगट : ० ते ६०' असं लिहिलेलं असतं, तेव्हा हे कलम कुणी उघडून पाहिलेलं नाही हे कळतं.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार किंवा जी-६-पीडी या विकराची कमतरता हे आदिवासी समाजांपुढचे खरे प्रश्न आहेत, तिथे कारण सांगता येतं. पण जो प्रश्न कळव्याच्या बाह्यरुग्ण विभागात बसून सुटतो, त्यासाठी ठाण्याजवळच्या येऊरच्या पाड्यावर जायचं कारण फक्त गाईडची हौस असते. 'वंशावळ', 'मूळ स्थान', 'स्थलांतराचा जनुकीय इतिहास' असले शब्द आरोग्याच्या प्रस्तावात मागच्या दाराने शिरले असतील तर तिथेच थांबा.

थांबा म्हणते, कारण हे घडून गेलेलं आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९०पासून ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी मधुमेहाचं कारण शोधायचं म्हणून त्यांचं रक्त घेतलं. लोकांशी बोलणं झालं ते मधुमेहाबद्दल; सहीच्या कागदावर मात्र 'वर्तणुकीचे आणि वैद्यकीय विकार' असे सैल शब्द होते. पुढे त्याच रक्तावर स्किझोफ्रेनिया, आप्तसंबंधांतली लग्नं आणि जमात मुळात कुठून आली यावर काम झालं. आपण याच दरीत जन्मलो अशी त्या लोकांची श्रद्धा, आणि त्यांच्याच रक्ताच्या आधारे कुणीतरी सांगतं की तुमचे पूर्वज दुसरीकडून आले. २००३मध्ये जमातीतली एक बाई विद्यापीठातल्या एका सादरीकरणाला बसली असताना हे उघड झालं. खटला झाला आणि २०१०मध्ये तडजोड : ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर आणि उरलेलं रक्त परत. तोंडी सांगितलेलं आणि कागदावर लिहिलेलं यांत फट राहिली की काय होतं, ते या प्रकरणात दिसतं. आपलं संमतिपत्र वाचताना ही फट शोधा. 'इत्यादी', 'व तत्सम', 'संबंधित संशोधनासाठी' हे शब्द दिसले की तिथे ती असते.

परवानग्या, आणि त्यांनी काय मिळत नाही

दुर्बल घटकांवरचा अभ्यास असेल तर पूर्ण समितीची बैठक मागा. घाईच्या पुनरावलोकनात तो सरकवू नका. समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे का ते पाहा; २०१९च्या नियमांपासून ही नोंदणी लागते. संस्थेची स्वतःची समिती नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या नोंदणीकृत समितीकडे जाता येतं. 'आम्ही छोटी संस्था आहोत' ही सबब चालत नाही.

आदिवासी भागात शिरण्याआधी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास विभागाची परवानगी घ्या. आपल्याकडे शहापूरचं एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आणि ठाण्यातलं अपर आयुक्तांचं कार्यालय ही त्याची दारं. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, तेव्हा ग्रामसभेपुढे विषय मांडा. अंगणवाडीत पाच जणांची बैठक घेऊन तिला ग्रामसभा म्हणू नका.

खरी पंचाईत भट्टीवर होते, कारण तिथे ग्रामसभाच नसते. तिथे असतो मालक आणि त्याच्याकडून घेतलेली उचल. ती फिटेपर्यंत कुटुंब बांधलेलं. अशा मालकाने 'डॉक्टर आलेत, रक्त द्या' म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? त्याच्या जागेत पाऊल टाकायचं तर त्याला सांगावं लागेल, तेवढंच सांगा. मजुरांची यादी त्याच्याकडून घेऊ नका, बोलावणं मुकादमाकडून धाडू नका, रक्त घेताना दोघांपैकी कुणी आसपास नको. कोणी दिलं, कोणी नाकारलं हे त्याला कधीही कळता कामा नये. समाजाची सल्लामसलत मूळ पाड्यावरच्या जाणत्या माणसांशी करा, जमल्यास हंगामाच्या आधी, भाद्रपद-आश्विनात, माणसं घरी असताना.

नवी मुंबईत हेच वेगळ्या वेशात भेटतं. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कंत्राटी मजुरांच्या रक्तातलं शिसं मोजायचं असेल तर कंपनी आनंदाने खोली देते आणि मग 'आमच्या फाइलला' अहवालांची प्रत मागते. ज्याच्या रक्तात शिसं जास्त, त्याचा गेटपास पुढच्या महिन्यात निघत नाही. व्यक्तिगत अहवाल कंपनीला किंवा कंत्राटदाराला मिळणार नाहीत, हे कलम करारात आधीच घाला. कंपनी मान्य करत नसेल तर मजुरांना वस्तीत, दिघ्याला किंवा तुर्भ्याला भेटा.

ग्रामसभेचा ठराव, कलेक्टरचं पत्र, पाटलाचा होकार यांनी तुम्हाला फक्त आत येता येतं. रक्त मिळतं ते एकेकट्या माणसाच्या संमतीनेच. नवऱ्याने बायकोच्या वतीने मान डोलावली तर ती संमती नव्हे.

आणखी काही गोष्टी थोडक्यात. परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी लागते. एचआयव्हीची तपासणी असेल तर २०१७चा कायदा वाचा. माहितीपूर्ण संमती आणि गोपनीयता तिथे कायद्यानेच बंधनकारक आहे. मनोरुग्णालयातल्या रुग्णांवर काम असेल तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७चं कलम ९९ पाहा.

पहिल्यांदा मोकळ्या हाताने जा

पहिल्या भेटीला फॉर्म नको, बॅग नको, ॲप्रन तर नकोच. बसा आणि विचारा : याआधी कुणी रक्त नेलं होतं का? त्याचं काय झालं ते सांगायला कुणी परत आलं का? या प्रश्नाला मिळणारं उत्तर तुमच्या प्रस्तावातल्या पूर्वसाहित्याच्या आढाव्याहून मोलाचं असतं.

भीती निघतील त्या ऐका. रक्त विकतात. पोलिसांकडे जातं. रेशन बंद होतं. रक्त काढलं की अंगात ताकद राहत नाही. या शेवटच्या भीतीवर तरुण डॉक्टर हसतात, हसू नये. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला. दिवसभर माती तुडवणाऱ्या बाईला अशक्तपणाची भीती वाटते ती उगाच नाही. पाच मिलिलिटर म्हणजे चहाचा एक चमचा. नळीत रंगीत पाणी भरून दाखवा. आणि पाच पुरत असताना दहा काढू नका.

'मोफत आरोग्य शिबिर' असा बॅनर लावू नका. यावर आमच्या समितीत दरवेळी वाद होतो आणि दरवेळी मी हट्टाला पेटते. लोकांना सरकारी तपासण्या माहीत आहेत. २०२३ला सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत लाखोंची तपासणी झाली. ती सेवा आहे. तुमचं काम संशोधन आहे. त्यातून त्या माणसाला आज काही मिळेलच असं नाही. शिबिराच्या मांडवाखाली दोन्ही मिसळली की लोक औषधाच्या आशेने हात पुढे करतात.

संमती : कागद, माणूस, साक्षीदार

संमतिपत्राची मराठी आधी बरी करा. 'सदर अभ्यासांतर्गत आपल्या शरीरातील जैविक नमुने संकलित करण्यात येतील' हे वाक्य कातकरी बाईला तर सोडाच, मलाही दोनदा वाचावं लागतं. असं बोलून पाहा :

'आम्ही कॉलेजातून आलोय. आज औषध द्यायला आलेलो नाही. रक्तातला एक दोष इथे किती जणांत आहे ते आम्हाला शिकायचंय. हातातून चमचाभर रक्त घेऊ. सुई टोचेल, कधी तिथे काळंनिळं पडतं. त्या रक्तावर ही एकच तपासणी करू. तुमचा रिपोर्ट पाड्यावर आणून देऊ. नाही म्हणालात तरी काम, रेशन, दवाखाना कशातच फरक पडणार नाही, आणि का नाही म्हणालात ते कुणी विचारणार नाही. हो म्हणून उद्या मन बदललं तरी सांगा.'

पाड्यावर हे कातकरी बोलीत सांगणारा माणूस घ्या. भिवंडीच्या यंत्रमागांवर हिंदी, उर्दू, तेलुगू लागेल. भाषांतर झालं की ते दुसऱ्याकडून पुन्हा मराठीत करवून घ्या आणि मूळ मजकुराशी ताडून पाहा.

सांगून झालं की 'समजलं ना?' विचारू नका. त्याला सगळे हो म्हणतात. 'घरी विचारलं, कशाला रक्त दिलं, तर काय सांगशील?' असं विचारा. 'औषध मिळणार म्हणून' असं उत्तर आलं तर पुन्हा पहिल्यापासून सांगा. विचार करायला एक रात्र जाऊ द्या.

अंगठा उठवायचा असेल तर साक्षीदार तटस्थ हवा. मुकादम नको, तुमचा फील्डवर्कर नको, आणि नमुन्यामागे मानधन मिळणारी आशाताईही नको, ती कितीही भली असली तरी. पाड्यावरची शिकलेली मुलगी, जवळच्या शाळेतले गुरुजी, असं कुणी चालेल. संमतिपत्राची एक प्रत त्या माणसाकडे राहिली पाहिजे. तिच्यावर संशोधकाचा आणि समितीच्या सदस्य-सचिवाचा फोन नंबर मोठ्या अक्षरांत असू द्या.

मुलांसाठी आईवडिलांची संमती हवी. शिवाय ७ ते ११ वयाच्या मुलाचा तोंडी होकार आणि १२ ते १८च्या मुलाचा लेखी. आश्रमशाळेत हे फसतं. आईबाप भट्टीवर असतात आणि अधीक्षक पेन काढून तयार. २००९-१०मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या, आता तेलंगणातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात आदिवासी मुलींच्या कित्येक अर्जांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं आणि २०१३च्या अहवालात कडक ताशेरे आले. अधीक्षकाची सही म्हणजे पालकाची संमती नव्हे. आईबाप गाठता येत नसतील तर ते मूल अभ्यासात नाही.

पैसे

भट्टीवर मजुरी हजार विटांमागे, तीही जोडप्याची मिळून. बाई तासभर रांगेत बसली की नवऱ्याचाही हिशोब घटतो. बुडालेल्या वेळेची भरपाई आणि प्रवासखर्च द्या, समितीची मान्यता घेऊन, सगळ्यांना सारखा. शीर सापडली नाही म्हणून नमुना मिळाला नाही, किंवा कुणी मधेच उठून गेलं, तरी द्या. रक्कम इतकी मोठी नको की मनाविरुद्ध हात पुढे व्हावा. रोख त्या बाईच्या हातात. मुकादमामार्फत दिलीत तर ती उचलीत वळती होईल. खर्ची मिळण्याचा, बाजाराचा दिवस टाळा. इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार, ते संमतिपत्रात लिहिलेलं हवं.

सुईचा दिवस

रक्त काढणारी व्यक्ती सराईत हवी आणि स्त्रियांसाठी स्त्री. आडोसा हवा. दोनदा शीर चुकली की थांबायचं, तिसरा प्रयत्न नाही. रक्त दिल्यावर पाच-दहा मिनिटं बसवा, पाणी आणि काही खायला द्या.

नळीवर नाव घालू नका, फक्त सांकेतिक क्रमांक. क्रमांक आणि नावं जुळवणारी यादी वेगळ्या कुलपात, प्रमुख संशोधकाकडे. तिचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरला की सगळी गोपनीयता संपली.

नमुने २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवायचे असतील तर भिवंडीच्या वाहतुकीचा हिशोब धरा. नमुना खराब झाला तर त्या माणसाला पुन्हा टोचावं लागतं, आणि 'तुमचं रक्त वाया गेलं' हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. गाळणकागदावर सुकवलेल्या थेंबांना बर्फ लागत नाही, पण त्या थेंबातही डीएनए असतो, हे सांगायचं टाळू नका. सुया पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात, नळ्या-हातमोजे लाल पिशवीत, कापूस पिवळ्यात, आणि सगळं परत गाडीत. पाड्यावरची पोरं सिरिंज उचलून खेळतात.

उरलेलं रक्त

आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार नमुन्याचा आणि माहितीचा मालक देणारा माणूस. संस्था फक्त विश्वस्त. त्यामुळे तो नमुना परत मागू शकतो. मात्र नाव-क्रमांकाचा धागा कायमचा तोडला की हा हक्क जातो, कारण कोणतं रक्त कुणाचं हे कुणालाच सांगता येत नाही. संमती घेताना हे बोलून दाखवा.

फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर तीन वेगळे प्रश्न विचारा आणि प्रत्येकासमोर वेगळा अंगठा घ्या : फक्त या तपासणीसाठी आणि मग नष्ट; याच आजाराच्या पुढच्या अभ्यासासाठी, पण आधी येऊन विचारून; दुसऱ्या कोणत्याही अभ्यासासाठी. जनुकीय तपासणी आणि संस्थेबाहेर पाठवणं यांच्या ओळी वेगळ्या ठेवा. काहीच उत्तर नसेल तर पहिला पर्याय धरा आणि नष्ट केल्याची नोंद समितीला द्या.

अहवाल देताना

एकेकाला, एकट्यात. चावडीवर नावं पुकारून नाही.

सिकलसेलमध्ये वाहक आणि रुग्ण हा फरक पहिल्या वाक्यात सांगा. वाहक माणूस आजारी नसतो. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे नीट सांगितलं नाही तर 'तिच्या रक्तात खोट आहे' एवढंच पाड्यावर उरतं आणि लग्न मोडतं, बहुधा मुलीचंच. घरातल्या सगळ्यांची तपासणी करत असाल तर आणखी एक धोका आहे. आईबाप दोघांत दोष नाही आणि लेकरात आहे, असा निकाल निघाला तर बापाविषयी प्रश्न उभा राहतो. असे निकाल शेजारी शेजारी ठेवून दाखवायचे नाहीत, कुटुंबाचा एकत्र तक्ता करायचा नाही, हे संमतीच्या आधीच ठरवा. ऐनवेळी पाड्यावर उभं राहून ते ठरवता येत नाही.

छापताना

निबंधात पाड्याचं किंवा भट्टीचं नाव नको. पन्नास घरांच्या पाड्यात 'एक ३२ वर्षीय विधवा' इतकं लिहिलं तरी सगळ्यांना कळतं कोण. जमातीचं नाव द्यायचं की नाही ते आजारावर ठरवा : सिकलसेलच्या सेवा त्या भागात आणायला नाव उपयोगी पडतं, दारू, गुप्तरोग, मानसिक आजार, आप्तविवाह यांच्याशी जोडलं तर तो पूर्ण समाजावर शिक्का होतो. मसुद्याचा सारांश जाणत्यांना वाचून दाखवा आणि त्यांचं हरकतीचं म्हणणं त्याच निबंधात नोंदवा. जर्नलने कच्ची माहिती खुल्या भांडारात टाकायला सांगितली तर आधी संमतिपत्र उघडा. तशी परवानगी घेतलेली नसेल तर संपादकाला तसं कळवा आणि माहिती फक्त मागणीनुसार, समितीच्या मंजुरीनेच देता येईल असं लिहा. अशा अटींवरही निबंध छापून येतात.